अक्षतची हजेरी

कॉलेजचा मेसेज आला तेव्हा सुरेखा शाळेच्या स्टाफरूममध्ये तिसरीच्या हिंदीच्या वह्या तपासत होती. अक्षत खानझोडे याची इंग्रजी लेखनाच्या वर्गातली हजेरी फार कमी आहे, अशीच राहिली तर नाव कमी करावं लागेल, असं त्यात लिहिलं होतं. तिनं तो दोनदा वाचला, फोन पालथा ठेवला आणि पुढची वही ओढली. चुकलेल्या मात्रांभोवती लाल गोल करताना तिच्या डोक्यात एकच चाललं होतं, हे अविनाशला सांगायचं की नाही.

अविनाश, तिचा नवरा, मालगाडीचा गार्ड होता. रेल्वेनं त्या हुद्द्याला आता नवं इंग्रजी नाव दिलं होतं, पण कांचघर भागातल्या त्यांच्या गल्लीत तो अजून गार्डसाहेबच. कटनी, सतना, इटारसी. कधी रात्रभर गाडीवर राहून सकाळी घरी यायचा, कधी दोन दिवसांनी. आला की अंघोळ, जेवण, झोप. त्या झोपेतून उठवून त्याच्यासमोर मुलाची तक्रार मांडायची म्हणजे सुरेखाला स्वतःचाच गुन्हा कबूल केल्यासारखं वाटायचं. तिनं नाही सांगितलं.

तक्रार तशी नवीन नव्हती. बारावीनंतर अक्षतनं दोन वर्षं इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी केली होती. दोन्ही वेळा नंबर लागला नाही. बरोबरची मुलं भोपाळला, इंदूरला, पुण्याला निघून गेली. जुलैत अविनाशनं त्याला मदन महलच्या पलीकडच्या एका खासगी कॉलेजात बी.कॉम.ला घातलं. प्रवेशाच्या वेळी तिथं इंग्रजीची चाचणी झाली. तीत मागे पडलेल्या मुलांना पहिल्या सहामाहीत लेखनाचा एक जादा वर्ग सक्तीचा होता. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी घरूनच, लॅपटॉपवर, आणि शनिवारी सकाळी कॉलेजात समोरासमोर. हा वर्ग पास झाल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

अक्षत सुरुवातीचे शनिवार गेला. मग एका शनिवारी उठला नाही. मग कॉलेजचे बाकीचे तासही सुटत गेले. ऑगस्ट संपता संपता तो खोलीतून फक्त जेवायला बाहेर येऊ लागला, तेही सगळ्यांचं झाल्यावर.

मेसेज आला त्या मंगळवारी सुरेखा शाळेतून आली, कणीक भिजवली आणि हात तसेच घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“अक्षत, क्लास आहे ना आता.”

“हां.”

“मग उठ ना. काहून असं करून राहिला तू? कॉलेजातून मेसेज आला.”

“आई, प्लीज. आज नहीं होगा.”

“लॅपटॉप लावून देऊ का? पडल्या पडल्या ऐक.”

त्यानं चादर डोक्यावर ओढली. लॅपटॉप टेबलावर पडून होता, झाकणावर धूळ. तिनं तो ओढणीनं पुसला आणि स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवला. उघडला तर पासवर्ड भरलेलाच होता, वर्गात शिरायचं बटणही समोर होतं. ते दाबलं की हजेरी आपोआप लागते का, एवढंच तिला बघायचं होतं. तिनं दाबलं.

पडद्यावर काळ्या चौकोनांच्या रांगा आल्या. प्रत्येक चौकोनात एक नाव. सगळ्यात शेवटी, अक्षत खानझोडे.

“अरे, अक्षत आ गए,” एक बाईचा आवाज आला. आवाज बसलेला होता. “बहुत दिनों बाद. मेरी आवाज आ रही है? नहीं बोल सकते तो चॅट में लिख दो.”

सुरेखाच्या बोटांना कणीक चिकटली होती. तिनं करंगळीनं एकेक अक्षर दाबत ‘येस मॅम’ लिहिलं. तास संपला तेव्हा तिच्या पोळ्या झाल्या होत्या आणि अक्षतची हजेरी लागली होती.

आजच्यापुरतं, असं ती मनाशी म्हणाली. गुरुवारीही तेच म्हणाली.

शनिवारचा प्रश्न होता. कॉलेजात तर अक्षतच जायला हवा होता. तिनं त्याच्याच नावानं मॅडमना कळवलं की व्हायरल ताप आहे, अशक्तपणा फार आहे. मॅडमनी लगेच उत्तर दिलं. काळजी घे, तोवर शनिवारच्या तासाला लिहायचं ते घरून लिहून पाठव. म्हणजे आता नुसतं बसून भागणार नव्हतं. लिहावंही लागणार होतं.

पहिला विषय होता ‘माझी खोली’. सुरेखा मराठी माध्यमातली. बी.ए. केलेलं, पण इंग्रजी कामापुरतं, अर्ज आणि नोटिसा वाचण्याएवढं. शाळेतली दीपा मॅडम म्हणायची, आजकालची पोरं फोनला सांगतात आणि फोन सगळं लिहून देतो. सुरेखानंही सांगून बघितलं. फोननं क्षणात एक परिच्छेद दिला. त्यात खिडकीतून कोवळं ऊन येत होतं आणि टेबलावर फुलदाणी होती. अक्षतच्या खोलीत फुलदाणी कुठून येणार. तिनं ते पुसून टाकलं आणि जेवणं झाल्यावर स्वतः बसली. भिंतीला ओल आहे. कोचिंगची पुस्तकं दोरीनं बांधून पलंगाखाली ठेवली आहेत. पंखा तिसऱ्या नंबरवर आवाज करतो, म्हणून तो दुसऱ्यावर असतो. एकेका वाक्यासाठी तिला फोनमधला शब्दकोश चार वेळा उघडावा लागला. डोळे चुरचुरू लागले तेव्हा तिनं जेवढं झालं तेवढं पाठवून दिलं.

दोन दिवसांनी मॅडमचा शेरा आला. वाक्यं लहान आहेत, ते चांगलं आहे. क्रियापदांचे काळ सांभाळ. पुस्तकं दोरीनं का बांधली, ते अजून लिही.

सुरेखानं तो शेरा शाळेत जाताना ई-रिक्षात पुन्हा काढून वाचला. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या वह्यांवर शेरे लिहीत होती. तिच्या लिहिण्यावर कुणी काही लिहिल्याला किती काळ झाला होता, ते तिला आठवेना. पण या गोष्टीचा आनंद करावा इतकं बळ तिच्यात नव्हतं. शाळा, बाजार, स्वयंपाक, मग हा वर्ग, मग हे लिहिणं. गुरुवारी रात्री ती अंथरुणावर पडायची ती अंग टाकून दिल्यासारखी.

दुसरा विषय आला तेव्हा नवरात्र सुरू झालं होतं. गल्लीच्या तोंडाशी दुर्गेचा मांडव, त्यावर दोन भोंगे, संध्याकाळपासून घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. विषय होता ‘माझा दिवस’.

यासाठी तिला अक्षतकडे बघावं लागलं. येता जाता ती त्याच्या दारातून आत नजर टाकायची. तो झोपलेलाच असायचा. मग तिनं लिहिलं, मी अकरा वाजेपर्यंत झोपतो, कारण मी थकलेलो आहे. आई शाळेत जाताना माझं जेवण झाकून ठेवते. सकाळी दूध मांजर यायच्या आधी आत घ्यावं लागतं. बाबांनी मला न विचारता या कॉलेजात घातलं, म्हणून मी त्यांच्यावर रागावलो आहे, पण मी ते बोलून दाखवत नाही. संध्याकाळी आई स्वयंपाक करते तो आवाज मी ऐकत असतो.

ते वाक्य लिहिताना अक्षत ताट घेऊन आत आला, ताट मोरीत ठेवलं आणि परत गेला. तिच्याकडे त्यानं बघितलं नाही. पण त्या दिवशी सुरेखाला त्याचा राग आला नाही. महिनोन् महिन्यांनंतर प्रथमच तिला वाटलं, याच्या मनात काय चाललंय ते मला कळतं.

दसरा झाला. मांडव उतरला. शाळेत सहामाही परीक्षा सुरू झाल्या आणि तिसऱ्या विषयाला सुरेखाकडे वेळच उरला नाही. ‘ज्या व्यक्तीकडून मी काही शिकलो’ असा तो विषय होता. तिनं एका बैठकीत लिहून टाकलं. लग्न होऊन ती वर्ध्याहून इथं आली तेव्हा तिला धड हिंदी येत नव्हतं. इथल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात भाव कसा करायचा हे सासूबाईंनी शिकवलं. स्वयंपाक करणाऱ्या बाईनं स्वतःची वाटी आधी भरून बाजूला ठेवावी, नाहीतर शेवटी तिला तळाचं मिळतं, हेही त्यांनीच शिकवलं. लिहिताना सासूबाई अगदी समोर उभ्या राहिल्या. सुरेखानं पाठवलं, लॅपटॉप मिटला आणि झोपली.

मॅडमचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. हिंदीत नाही, इंग्रजीत नाही, मराठीत.

‘लेखन मनापासून झालं आहे. पण एकोणीस वर्षांच्या मुलाला सासूबाई कशा? जे कोणी हे लिहीत आहे, त्यांनी शनिवारी बारा वाजता कॉलेजात येऊन मला भेटावं. मैत्रेयी पाटणकर.’

सुरेखा ओट्याला टेकून उभी राहिली. काही वेळ तिला भीतीसुद्धा वाटली नाही. चला, संपलं, असंच काहीतरी वाटलं.

शनिवारी तिनं शाळेतून अर्धी सुटी घेतली. कॉलेजच्या जिन्यात मुलं बसून मोबाइल बघत होती. एकानं पाय आवरून “आंटी जी, ऊपर जाइए” म्हणून वाट दिली. मैत्रेयी मॅडम वरच्या मजल्यावर एका लांब टेबलाच्या टोकाला एकट्याच बसल्या होत्या. तिशी ओलांडलेली बारीक अंगाची बाई, गळ्याभोवती मफलर, पुढ्यात गरम पाण्याचा थर्मास. सुरेखाला बघून त्यांनी खुर्ची ओढली.

“बसा. तुम्ही आई ना?”

सुरेखा घरून ठरवून आली होती. तो सांगायचा आणि मी टाइप करायची, असं म्हणायचं. पण मराठीत विचारल्यावर ते खोटं तिच्या तोंडून निघेना.

“हो,” ती म्हणाली. “सप्टेंबरपासून मीच बसून राहिली आहे. तो उठतच नाही मॅडम. मी म्हटलं, नाव कटायला नको.”

“मला ‘माझा दिवस’ वाचलं तेव्हाच शंका आली होती. मांजर यायच्या आधी दूध आत घ्यायचं, असं कुठला मुलगा लिहील?” मैत्रेयी मॅडम किंचित हसल्या आणि खोकल्या. “तेव्हाच विचारायला हवं होतं मी. नाही विचारलं. माझ्याकडे चार बॅच आहेत. निम्म्याहून जास्त फोननं लिहिलेलं येतं, सगळं एकसारखं. वाचून वाचून डोकं बधिर होतं. तुमचं आलं की निदान कुणाच्या तरी घरातलं वाटायचं. म्हणून गप्प बसले. ते माझं चुकलं.”

“आता काय होईल?”

“सप्टेंबरपासूनची हजेरी काढून टाकेन. गुण पण. वर तक्रार करणार नाही, केली तर कॉलेजातूनच काढतील त्याला. पण या सहामाहीतलं त्याचं नाव जाईल. जानेवारीत हाच वर्ग पुन्हा सुरू होतो, तेव्हा त्याला येता येईल.”

“पुढच्या शनिवारी आणलं त्याला तर?”

“आणा ना. मला आवडेल. पण ताई, एक विचारू? तो आजारी आहे का?”

“ताप वगैरे नाही काही. तसं मी खोटंच लिहिलं होतं.”

“मी तापाचं नाही विचारत.”

सुरेखा पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. “जेवतो,” ती म्हणाली. “म्हणजे, खरकटं ताट दिसतं मला.”

मैत्रेयी मॅडमनी थर्मासच्या झाकणात पाणी ओतलं आणि ते तिच्यापुढे सरकवलं. सुरेखानं ते प्यायलं. 

“तो दिवस लिहिलात तुम्ही, तो त्याला विचारून लिहिला होतात?”

“नाही.”

“मग विचारा,” मैत्रेयी मॅडम म्हणाल्या. त्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, नुसता थकवा होता. खाली घंटा वाजली. त्यांना पुढचा तास होता.

घरी परतताना सुरेखा सवयीनं गोरखपूरला उतरली. भाजीच्या गाड्यांपुढून चालत गेली, एका ठिकाणी मेथीची जुडी हातात घेतली, परत ठेवली आणि काहीच न घेता दुसरी रिक्षा केली.

अक्षत बाहेरच्या खोलीत दिवाणावर बसला होता. आंघोळ केलेली नव्हती, टी-शर्ट तोच, पण बसला होता.

“काय म्हणाल्या मॅडम?”

सुरेखाची एक चप्पल पायात होती, एक हातात. “तुला कसं ठाऊक?”

“मेल मुझे भी आता है ना, आई. फोनवर. माझंच अकाउंट आहे. तू जे टाकते ते सगळं येतं.”

“पहिल्यापासून?”

“हां.”

“मग काहून नाही बोलला?”

“क्या बोलता.” तो पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. “तू करून राहिली होती. मला वाटलं, चलो, कोणीतरी तर करून राहिलं आहे.”

ती समोरच्या खुर्चीत बसली. मॅडमनी सांगितलेलं सगळं तिनं त्याला सांगितलं, हजेरी जाणार, सहामाही जाणार. त्यानं मान हलवली. जणू दुसऱ्या कुणाचं तरी चाललं होतं.

“तू वाचलं का, मी लिहिलेलं?” तिनं विचारलं.

“वाचलं.” मग तो म्हणाला, “दुसरा वाला गलत है.”

“कोणता?”

“दिन वाला. तू लिहिलं, मी अकरा वाजेपर्यंत झोपतो. मी नाही झोपत.”

“अरे, मी रोज बघते तुला.”

“डोळे बंद असतात. झोप नाही येत, आई. चार बजे से जागा रहता हूँ. तू उठते, दूध घेते, कुकर लावते, सगळं ऐकतो मी. मग तू जाते. घर एकदम शांत होतं, तेव्हा जास्त होतं.”

“काय जास्त होतं?”

त्याला शब्द सापडेना, मराठीतही नाही आणि हिंदीतही नाही. “भारी होतं,” तो म्हणाला. “अंग भारी होतं. ब्रश करायचा तरी होत नाही. तुम्हाला वाटतं आळस करून राहिला. मला पण वाटायचं आधी.”

बोलली तर तो थांबेल असं तिला वाटलं.

“आणि बाबांचं पण चूक लिहिलं तू,” तो पुढे म्हणाला. “मला बाबांवर राग नाही. त्यांनी विचारलं होतं मला, इथे टाकू का म्हणून. मी हो म्हटलं. मला काही फरकच नव्हता पडत. कहीं भी डाल देते.”

म्हणजे तो राग अक्षतचा नव्हता. इतके दिवस कुणाचा राग तिनं त्याच्या नावावर घातला होता, हे सुरेखाला तिथं बसल्या बसल्या कळलं आणि तिला लाज वाटली. त्याच्या मनातलं कळतं असं वाटून ती खूश झाली होती. झोप खरी नव्हती, रागही खरा नव्हता.

“कधीपासून होतं असं?” तिनं विचारलं.

“कोचिंगच्या दुसऱ्या वर्षापासून. तेव्हा कमी होतं.”

पुढचा प्रश्न विचारायला तिला वेळ लागला. “जिवाचं काही बरंवाईट करावं, असं मनात येतं का रे?”

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायला बघत होतं, ती होत नव्हती.

“विचार येतो,” तो शेवटी म्हणाला. “करणार नाही. पण येतो.”

सुरेखा उठून दिवाणावर त्याच्या शेजारी बसली. त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यानं झटकला नाही. दुपारचं जेवण राहिलं.

अविनाश संध्याकाळी आला. अक्षत आत जाऊन पडला होता. अविनाश बूट काढायला खाली वाकला तेवढ्यात सुरेखानं सगळं सांगून टाकलं, उभ्या उभ्या, हळू आवाजात, एका दमात. मेसेजपासून आजच्या दुपारपर्यंत. त्यानं बूट काढले नाहीत. तसाच खुर्चीत बसला.

“इतके दिवस तू त्याच्या जागी बसून राहिली होती?”

“हो.”

“आणि मला सांगितलं नाही.”

“तुम्ही आले की झोपता.”

त्याच्या चेहऱ्यावर रुळांवरची धूळ होती, डोळ्यांच्या कडा लाल होत्या. 

“मी पहाटे येतो तेव्हा याच्या खोलीत फोनचा उजेड असतो,” तो म्हणाला. “मला वाटायचं, गेम खेळून राहिला. एकदा मी दारातूनच बोललो पण होतो त्याला. बाप रात्रभर गाडीवर असतो आणि तू गेम खेळतो.” 

“काय म्हणाला तो?”

“काही नाही. फोन बंद केला.”

तो उठला, कपाटाकडे गेला आणि वरच्या खणातले कागद उलटेपालटे करू लागला. सुरेखाला कळेना काय शोधतोय. मग त्यानं रेल्वेची मेडिकल कार्डं काढली, तिघांची, आणि त्यातलं अक्षतचं वेगळं केलं. फोन लावून सोमवारच्या ड्युटीला येणार नाही म्हणून सांगितलं. पलीकडून कुणीतरी कुरकुर केली असावी, कारण तो दोनदा म्हणाला, “नहीं भैया, नहीं हो पाएगा. घर का काम है.” त्यानंतर त्यानं बूट काढले आणि अक्षतच्या खोलीत गेला. आत काय बोलणं झालं ते सुरेखाला ऐकू आलं नाही. फार काही झालं नसावं. तो लवकरच बाहेर आला आणि म्हणाला, “सोमवारी जाऊ. येतो म्हणाला.”

रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना मनोविकाराच्या डॉक्टरकडे पाठवलं. ती तरुण बाई होती. तिनं आधी अक्षतशी एकट्याशी बोलून घेतलं आणि मग दोघांना आत बोलावलं. हा आजार आहे, आळस नाही, असं ती स्पष्ट म्हणाली. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, दर आठवड्याला दाखवायला यायचं आणि सध्या त्याला घरात एकटं ठेवायचं नाही.

हे शेवटचं सगळ्यात अवघड होतं. सुरेखानं शाळेतून दोन आठवड्यांची रजा घेतली. नंतर ती अर्धाच दिवस जाऊ लागली, हेडमास्तरणीचं बोलणं ऐकून घेऊ लागली. अविनाशनं ड्युट्या बदलून मागितल्या, काही मिळाल्या, काही नाही. दोघांपैकी एक घरात आणि एक बाहेर, अशी त्यांची हिवाळ्याची सुरुवात गेली. एकमेकांशी बोलायचं ते दारात, किल्ल्या देता घेता. दोघं एकाच वेळी जेवायला बसल्याचं सुरेखाला आठवत नव्हतं. 

गोळ्यांनी पहिल्यांदा अक्षतला नुसती गुंगी यायची. मग झोप येऊ लागली. एक दिवस तो चौकात जाऊन केस कापून आला आणि सुरेखाला वाटलं, आता होईल नीट. पुढचा आठवडा आधीपेक्षा वाईट गेला. डॉक्टर म्हणाली, असंच होतं, धीर धरा. धीर धरणं म्हणजे काय, ते सुरेखाला एव्हाना कळलं होतं. सकाळी उठायचं, विचारायचं, “झोप लागली का?” आणि जे उत्तर येईल ते खरं मानायचं. स्वतःच्या मनानं त्यात काही घालायचं नाही. ‘नाही लागली’ म्हटलं की “बरं” म्हणायचं आणि चहा द्यायचा.

नाव कमी केल्याचा कॉलेजचा मेसेज मध्येच कधीतरी आला. अविनाशनं वाचला, तिला दाखवला, दोघांनी पुन्हा त्याचा विषय काढला नाही.

डिसेंबरच्या शेवटी अक्षतच म्हणाला की जानेवारीत तो वर्ग परत करून बघतो. अविनाशला ताबडतोब होकार द्यायचा होता, पण सुरेखानं त्याच्याकडे बघितलं आणि तो म्हणाला, “डॉक्टरला विचार.” डॉक्टर म्हणाली, एकच विषय घ्या, जास्त नको.

मंगळवार, गुरुवार तो स्वतःच्या खोलीत बसे. सुरेखा तिकडे फिरकायची नाही. पहिल्या शनिवारी थंडी फार होती. अविनाश त्याला स्कूटरवर कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडून आला आणि चुलीजवळ बसावं तसा गॅसजवळ येऊन हात शेकत उभा राहिला. “गेला आत,” एवढंच म्हणाला. सुरेखानं पोहे केले, कुणी खाल्ले नाहीत. 

अक्षत ठरल्या वेळेच्या बराच आधी रिक्षानं परत आला. कानटोपी काढून दिवाणावर टाकली.

“झाला क्लास?” सुरेखानं विचारलं.

“अर्धा. मग बाहेर आलो. बसवत नव्हतं.”

“मॅडम काही म्हणाल्या?”

“नाही. बस म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. घरी जाऊन लिही म्हणाल्या.” तो पोह्यांच्या कढईत डोकावला. “एक आंटी पण आहेत क्लासमध्ये, तुझ्याएवढ्या. माझ्या शेजारीच बसल्या होत्या.”

“अच्छा. आणि लिहायचं काय दिलं?”

“आहे काहीतरी. सांगतो नंतर.”

त्यानं पोहे वाढून घेतले आणि तिथंच उभ्या उभ्या खाऊ लागला. अविनाशला दुपारच्या गाडीवर जायचं होतं. डबा पिशवीत भरता भरता तो म्हणाला, “पुढच्या शनिवारी मी इटारसीला असेन. सोडायला जमणार नाही.”

“जाईन मी ऑटोनं,” अक्षत म्हणाला. मग घास गिळून म्हणाला, “जमलं तर.”

“हो, जमलं तर,” अविनाश म्हणाला, आणि पिशवी उचलून निघाला.